आकडा मोठा, रेंज छोटी!

आमचं घर मांडव्याला. दोन खोल्या पाहुण्यांसाठी, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि फाटकावर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी. काही वर्षांपूर्वी बुकिंगसाठी फोन आला की पहिला प्रश्न असायचा, ‘मासे ताजे मिळतील ना?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘वाय-फाय आहे ना?’ पापलेट दुसऱ्या नंबरवर गेलं. आईला याचं अजून वाईट वाटतं.

बाबांनी मात्र काळाची पावलं ओळखली. गेल्या वर्षी सीझन संपता संपता ते एका दुकानात गेले आणि ‘घरातलं नेट स्लो आहे, चांगलं काहीतरी द्या’ म्हणाले. दुकानदार म्हणाला, ‘काका, हा घ्या. सिक्स आहे. तुमचा जुना फोर आहे.’ सहा हे चारापेक्षा मोठे असतात, यात वाद नाही. साडेचार हजार रुपये देऊन चार अँटेनांचा काळा डबा घरी आला. आजीने त्याला हळदीकुंकू लावलं आणि तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी विराजमान झाला.

आता जुलैमधल्या त्या संध्याकाळकडे येते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो चालू असते, पण हवा बिघडली की तिचाही भरवसा नसतो. त्यामुळे माझ्यासारख्या इंटर्नला त्या दिवसांत घरून काम करायची परवानगी होती. सहाच्या आत एक मुलाखत पाठवायची होती. लेख, फोटो आणि ऑडिओची मोठी फाइल. छापून आली असती तर माझी पहिली बायलाइन. आत पाहुण्यांचा गोंधळ, म्हणून मी पडवीत बसले. फोनवर घरच्या वाय-फायची दोन नावं दिसत होती. एक साधं, दुसऱ्याच्या शेवटी ‘५जी’. मी कोणतं निवडलं असेल? तुम्ही जे निवडलं असतंत तेच.

फाइल सत्त्याण्णव टक्क्यांवर गेली आणि तिथेच बसली. पावणेसहा, सहा, सव्वासहा. मोबाइलचा डेटा लावून पाहिला, पडवीत त्याचीही एकच काडी. शेवटी डेस्कवरून फोन आला, ‘राहू दे, आम्ही दुसरं लावलं.’ दुसऱ्या दिवशी त्या जागी कोणाचा तरी केस गळण्यावरचा लेख होता. चांगला होता, नाही असं नाही.

रडून झाल्यावर मी आमच्याकडे केबल ओढणाऱ्या दादाला बोलावलं. त्याने पडवीत उभं राहून फोन पाहिला, आत गेला, भिंतीवर हात थापटला आणि म्हणाला, ‘तुमचा राउटर वाईट नाही. तुमची भिंत चांगली आहे.’

आमच्या घराचा जुना भाग काळ्या दगडाचा आहे, हातभर जाडीचा. हॉल आणि पडवीच्या मध्ये तीच भिंत. त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला पुढचे दोन आठवडे वाचावं लागलं. पत्रकारितेच्या तीन वर्षांत मला बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते शिकवलं, पण ज्या लहरींवरून ती बातमी जाते त्यांच्याबद्दल एक तासही झाला नाही. जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण दुकानात तुम्हालाही ‘हा घ्या, सिक्स आहे’ असंच सांगणार आहेत.

सगळ्यात आधी तो ‘५जी’चा घोळ. मोबाइलच्या फाइव्ह-जीमधला ‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. वाय-फायच्या नावामागे लागणारा ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरींची वारंवारता. दोघांचा काडीचाही संबंध नाही. घरातलं साधं नाव जुनं आणि ५जीवालं नवं, असंही नाही. एकाच डब्यातून निघणारे ते दोन रस्ते आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा.

फरक कसा ओळखायचा? शेजारच्या गावात पालखी निघालेली असते तेव्हा लांबून आपल्याला काय ऐकू येतं? ढोलाचा घुमारा. झांजा वाजत असतातच, पण त्या जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे, पण ढोबळ नियम तोच. कमी वारंवारतेची लहर भिंतीतून, झाडांतून तुलनेने बरी निभावते. जास्त वारंवारतेची लहर जास्त माल वाहून नेते, पण भिंत आली की दमते. पावसात भिजलेली नारळाची झावळी हा तिच्यासाठी मोठाच अडथळा, कारण पानांतलं पाणी तिला गिळतं. म्हणजे जुलैच्या पावसात, दगडी भिंतीपलीकडे बसून मी नेमकी झांज ऐकायचा हट्ट धरला होता.

मग सगळ्यांनी २.४ वरच बसावं का? तसंही नाही. हा पट्टा म्हणजे रविवार संध्याकाळची मांडवा जेट्टी. ब्लूटूथ इथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती इथेच, शेजाऱ्यांचे राउटर इथेच. त्यात चॅनेल तेरा दिसत असले तरी एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीनच, १, ६ आणि ११. मुंबईत बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीकडे वाय-फायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं येतात. तिच्या वन-रूम-किचनमध्ये ५ गिगाहर्ट्झ उत्तम चालतं. भिंत पातळ, अंतर दहा पावलांचं, आणि शेजाऱ्याची लहर भिंतीत दमते हा तिथे फायदाच. एकच डबा, मुंबईत एक नाव बरोबर आणि मांडव्यात दुसरं.

आता ते चार, पाच, सहा. वाय-फायचे नियम अभियंत्यांची आयईईई ही जागतिक संस्था ठरवते. त्या नियमांचा नंबर ८०२.११. पहिला नियम १९९७ चा, वेग २ एमबीपीएस. १९९९ मध्ये एकदम दोन आले. ‘बी’ २.४ वर ११ एमबीपीएसचा आणि ‘ए’ ५ वर ५४ चा. ‘ए’ वेगवान, तरी घराघरात ‘बी’ गेला. तो स्वस्त होता आणि लांब पोचत होता. त्या वेळचं हे उदाहरण दुकानदारांनी फ्रेम करून लावायला हवं. जास्त वेग असलेला हरला, गरजेला पुरणारा जिंकला. २००३ मध्ये ‘जी’ने २.४ वरही ५४ आणले. २००९ मध्ये ‘एन’ आला, एकापेक्षा जास्त अँटेनांनी एकाच वेळी बोलणारा आणि दोन्ही पट्ट्यांवर चालणारा. २०१३ मध्ये ‘एसी’ आला, तो फक्त ५ गिगाहर्ट्झवर. मग ‘एएक्स’.

एन, एसी, एएक्स. ही काय नावं आहेत? एसी म्हटलं की आईला थंड हवा आठवते. खुद्द ‘वाय-फाय’ या शब्दाचाही कसला लाँगफॉर्म नाही. १९९९ मध्ये नावं बनवणाऱ्या एका कंपनीकडून तो करून घेतला होता, कारण ‘८०२.११बी’ कोणाच्या तोंडी बसेना. पुढे २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने अक्षरांऐवजी आकडे आणले. एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. सोय झाली, हे खरं. पण आकडा आला की माणूस मोजायला लागतो, आणि मोजायला लागला की मोठा आकडा मागतो. साडेचार हजार तिथेच गेले.

त्यात डब्यावरचे आणखी मोठे आकडे. ‘एसी १२००’ म्हणजे १२०० एमबीपीएस मिळतील का? नाही. २.४ वरचे कागदोपत्री ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची ती बेरीज, वर थोडं गोल केलेली. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरजेचा आकडा त्याला कधीच मिळणार नाही. आणि एसी ५ वरच चालतो म्हटलं ना? म्हणजे एसीचा राउटर घेऊन तुम्ही २.४ वर बसलात तर तुम्ही वापरताय एन. पैसे पाचाचे, काम चाराचं. आमचा ‘एएक्स ३०००’ही असाच, ५७४ अधिक २४०२. दोन बसच्या सीट मिळवून एका प्रवाशाला सांगायचं, बघ, तुझ्यासाठी शंभर सीट आहेत!

आमच्या घरात येणारा प्लॅन आहे ४० एमबीपीएसचा. आमच्या जुन्या ‘फोर’वर एका साध्या फोनलाही कागदोपत्री ७२ मिळू शकतात. प्रत्यक्षात निम्मेच मिळाले तरी प्लॅनच्या जवळपास पोचलो. रो-रो सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२० पासून, मांडव्यात बोटीतून गाड्याच्या गाड्या उतरतात. उतरल्यावर काय होतं, ते वीकेंडला आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बोट कितीही मोठी असू द्या, पुढे चोंढीकडे जाणारा रस्ता आहे तेवढाच आहे. बाबांनी बोट मोठी घेतली होती. रस्ता तोच होता. आणि माझा फोन चार वर्षं जुना, त्याला सहाची भाषाच येत नाही. राउटर सहा, फोन पाच, प्लॅन चाळीस, मध्ये दगडी भिंत. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढं देते तेवढंच शेवटी हातात पडतं.

मग सहा म्हणजे निव्वळ फसवणूक का? मला रागाच्या भरात तसं लिहायचं होतं, पण ते खरं नाही. सहाचा खरा गुण वेगात नाही, गर्दी हाताळण्यात आहे. आपल्याकडची मिनीडोर आठवा. समजा एकच प्रवासी घेऊन ती चोंढीला गेली, परत आली, मग दुसऱ्याला घेऊन थळला गेली, तर रांग कधी संपणार? जुनं वाय-फाय साधारण तसं चालतं. एका क्षणी एकाचं काम, बाकीचे थांबलेले. सहामध्ये एकाच फेरीत वेगवेगळ्या ठिकाणी उतरणारे प्रवासी शेजारी शेजारी बसतात. शनिवारी आमच्याकडे आठ पाहुणे, त्यांचे आठ फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही. त्या गर्दीत सहा उपयोगी पडतो, निदान ज्यांच्या फोनला सहा कळतो त्यांना. एसीने २.४ कडे पाठ फिरवली होती, सहाने तिथेही सुधारणा केली. म्हणजे बाबांची खरेदी अगदी वाया गेलेली नव्हती. पण आम्हाला हवं होतं पडवीत पोचणारं नेट आणि दुकानाने दिली गर्दीवरची गोळी. रोग एक, औषध दुसरं.

आता दुकानांत ‘सेव्हन’ही आहे. त्याचं खरं बळ ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रुंद चॅनेलवर आहे. त्या पट्ट्याचा खालचा भाग परवान्याविना खुला करण्याचा मसुदा आपल्याकडे २०२५ मध्ये निघाला. ६ म्हणजे ५ पेक्षाही वरची पट्टी, झांजेहूनही बारीक आवाज. आमच्या भिंतीचं काम सोपं होणार!

तर केबलवाल्या दादाने काय केलं? माळ्यावर टाकलेला जुना ‘फोर’ खाली काढला, पुसला. हॉलमधल्या नव्या राउटरमधून एक लॅन केबल काढली, खिडकीच्या चौकटीतून पडवीत नेली आणि तिला जुना राउटर जोडला. सेटिंग बदललं, पासवर्ड बदलला. सुरक्षेची जुनी डब्ल्यूईपी पद्धत चालू असती तर हा राउटर लावलाच नसता, असंही म्हणाला, कारण ते कुलूप कधीच फुटलंय. निदान डब्ल्यूपीए २ तरी हवं. खर्च केबलचा आणि त्याच्या चहाचा. आता पडवीत पुऱ्या काड्या. हा लेख मी तिथे बसूनच पाठवलाय.

म्हणजे तोडगा घरातच होता, माळ्यावर. आम्हाला तो सुचला नाही, कारण विचारायचे प्रश्नच ठाऊक नव्हते. माझी तक्रार इथे आहे. मिक्सर घ्यायला गेलं की आई वॉट विचारते, भांडी विचारते, चटणी बारीक होते का ते लावून बघते. मोटरसायकल घेताना दादा ॲव्हरेज विचारतो. राउटर घेताना आपण सगळे एकदम अडाणी होतो आणि ‘लेटेस्ट द्या’ म्हणतो. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, पण इंग्रजी संक्षेपांत. ‘हा जाड भिंतीपलीकडे एवढा चालेल, एवढे फोन सांभाळेल’ असं एक वाक्य मराठीत का नसावं? विजेच्या वस्तूंवर किती तारे ते आपण बघतोच ना? वाय-फायला रेंजचा तारा का नको?

हे फक्त होमस्टेचं दुखणं नाही. वाय-फायचे हे पट्टे कोणाच्याच मालकीचे नाहीत. आपल्या सरकारने २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवान्याविना खुला केला, आणि ५ चा मोठा भाग घराबाहेरच्या वापरासाठी २०१८ मध्ये. समुद्रकिनाऱ्यासारखं आहे हे, सगळ्यांचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तर किराणा दुकानदारही लायसन्सशिवाय वाय-फाय विकू शकतो. पण जे आपलं आहे ते कसं चालतं हे माहीत नसेल, तर त्याचा उपयोग कोण करणार?

ज्यांना माहीत होतं त्यांनी काय केलं बघा. तामिळनाडूतल्या थेनीत अरविंद नेत्र रुग्णालयाने २००६ च्या सुमारास लांब पल्ल्याच्या वाय-फायने खेड्यांतली तपासणी केंद्रं जोडली. गावातला रुग्ण गावात आणि डॉक्टर व्हिडिओवर. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने खामलोलीच्या आसपासच्या गावांत टीव्हीसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या कमी वारंवारतेच्या लहरी वापरल्या, कारण मध्ये झाडी होती, चढउतार होते. जिथे समोरासमोर दिसतं तिथे ५ गिगाहर्ट्झ. व्हेनेझुएलात तर २००७ मध्ये दोन डोंगरांवर अँटेना लावून वाय-फाय ३८२ किलोमीटर नेलं. मांडव्याच्या जेट्टीवरून स्वच्छ हवेत मुंबईच्या इमारती दिसतात, तेवढं अंतर म्हणजे काहीच नाही! सगळ्यात नवा आकडा कोणीच शोधत बसलं नव्हतं. मध्ये काय आहे, झाडी, डोंगर की उघडा समुद्र, हे आधी पाहिलं.

एक गोष्ट मात्र कुठलाच आकडा भरून काढत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. खांब पडले, झाडं पडली, रायगडातल्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज आणि फोन नव्हते. वाय-फाय ही घरातली शेवटची दहा पावलं. त्यामागची तार तुटली तर फोनवर काड्या पूर्ण दिसतील आणि नेट शून्य असेल. ‘वाय-फाय आहे’ आणि ‘नेट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ग्रामसभेत ‘गावात मोफत वाय-फाय हवं’ असा ठराव मांडाल तेव्हा लगेच पुढचा प्रश्न विचारा, ‘त्याच्यामागे तार कोणती आणि ती तुटली तर जोडणार कोण?’

तर दुकानात जाण्याआधी घरात एक फेरी मारा. राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीमागे, कपाटात असेल तर आधी बाहेर काढा, उंचावर ठेवा. राउटरजवळ उभे राहून ५ वर वेग बघा. तिथेच कमी असेल तर आधी प्लॅनकडे बघा, डबा बदलून उपयोग होईलच असं नाही. तिथे चांगला आणि लांब गेल्यावर पडत असेल तर २.४ लावून बघा, नाहीतर केबल ओढा. सगळीकडे चांगला, पण शनिवारी पाहुणे आले की पडत असेल, तर खुशाल सहा घ्या. आणि माळ्यावर जुना राउटर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

आमच्याकडे आता ‘वाय-फाय आहे ना?’ असा फोन आला की बाबा सांगतात, ‘आहे. खोलीत असाल तर ५जीवालं लावा, पडवीत बसणार असाल तर साधं.’ पलीकडचा माणूस बहुधा गोंधळतो. मग आई फोन घेते आणि विचारते, ‘पापलेट हवंय की सुरमई?’